पहिली रायफल घेण्याआधी



मागच्या भागानंतर आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. हैदराबादहून आला, रायपूरहून आला, आमच्या बडोद्यातूनही आला. 'सर, छंद म्हणून नेमबाजी करायची आहे. चांगली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी?' आजचं बोलणं त्यावरच. पण उत्तर जरा वेगळ्या वाटेनं जाणार आहे, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

हा प्रश्न कुठून येतो ते मला माहीत आहे. अमेरिकेतले व्हिडिओ आपण सगळेच पाहतो. माणूस मोकळ्या रानात उभा राहतो, घोडा दाबत जातो, आणि पुढची गोळी आपोआप नळीत येत राहते. तिथे तो छंद आहे, तिथला कायदा वेगळा आहे. आपल्याकडे काडतुसाची कुठलीही रायफल म्हटली की 1959चा शस्त्र कायदा आला, परवाना आला, पोलीस पडताळणी आली. आपोआप गोळ्या झाडत राहणारी पूर्ण स्वयंचलित शस्त्रं सामान्य नागरिकाला बंद आहेत. सेमी-ऑटोमॅटिकची चौकशी दुकानात करून उपयोग नाही. ती आपल्या जिल्ह्याच्या परवाना कार्यालयात करायची.

पण कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट सांगतो. ऑलिंपिकमध्ये रायफलचे जे प्रकार आहेत, त्यांत सेमी-ऑटोमॅटिक चालतच नाही. नियमच असा आहे की प्रत्येक गोळी हातानं भरायची. बीजिंगला 2008 साली अभिनव बिंद्रानं शेवटचा 10.8चा नेम मारून सुवर्ण घेतलं, ती हवेवर चालणारी, एकावेळी एकच छर्रा घेणारी रायफल होती. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 2024 साली कांस्य घेतलं, ते 50 मीटरवर, तेही एकेक गोळी भरूनच. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली जगज्जेता झाला तो 10 मीटर एअर रायफलमध्येच. म्हणजे नेमबाजीतली 'चांगली रायफल' आणि 'भराभर चालणारी रायफल' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माझं उत्तर असं की सुरुवात 10 मीटरच्या एअर रायफलनं करा. 4.5 मिलिमीटर, म्हणजे पॉइंट एकशेसत्त्याहत्तर बोअरची आणि 20 जूलपेक्षा जास्त शक्ती नसलेली एअर रायफल घ्यायला 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यायचा, पक्कं बिल घ्यायचं आणि त्याची प्रत रायफलच्या पेटीतच ठेवायची. गावोगावच्या पोलीस ठाण्यांची रीत निराळी असते, तेव्हा एकदा जाऊन विचारून आलेलं बरं.

आता रायफल पाहायची कशी?

पहिला गैरसमज वेगाचा. विक्रेता सांगतो, 'साहेब, ही हजार फुटांनी मारते.' आपल्याला वाटतं, वा! स्पर्धेची रायफल छर्रा सोडते सेकंदाला साधारण 170 मीटरनं. जूलमध्ये मोजलं तर सात-साडेसात. कायद्यानं 20 जूलपर्यंत मुभा आहे आणि जगातले सर्वोत्तम नेमबाज त्याच्या निम्म्याहून कमी वापरतात! कारण दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं, आणि छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की डळमळायला लागतो. तेव्हा वेगाचा आकडा सांगून कुणी रायफल विकत असेल, तर तो तुम्हाला नेमबाजीची रायफल विकत नाहीये.

दुसरी गोष्ट, आतली यंत्रणा. ढोबळमानानं तीन प्रकार समजून घ्या.

एक, नळी मोडून स्प्रिंग दाबायची ती. स्वस्त आणि दणकट. पण घोडा दाबला की आत जड पिस्टन धावतो, आणि छर्रा नळीच्या बाहेर पडायच्या आत रायफल हलते. हात जरा कुठे वेगळा धरला तरी छर्रा भलतीकडे. गंमत म्हणून ठीक आहे, पण शिकताना चूक आपली की रायफलची हेच कळत नाही.

दोन, प्रत्येक नेमाआधी बाजूचा दांडा ओढून हवा दाबायची ती. धक्का जवळजवळ नाही. सिलिंडर नाही, भरायची कटकट नाही. पण साठ नेम मारायचे म्हणजे साठदा दांडा ओढायचा. लहान मुलांचे खांदे दुखून येतात.

तीन, सिलिंडरमध्ये आधीच हवा भरून ठेवलेली, जिला आपण पीसीपी म्हणतो. आज स्पर्धेत सगळीकडे हीच. फाइनवर्कबाउ, वाल्थर, आन्शुट्झ, स्टायर ही युरोपातली नावं रेंजवर ऐकाल. आयात रायफल म्हणजे लाखांची बाब. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातली प्रिसिहोल कंपनी शिकाऊंसाठी पीसीपी बनवते, आणि छंद म्हणून किंवा पहिली दोन वर्षं तशा रायफलवर काढायला काही हरकत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या रेंजवर आले. बँकेत नोकरी, नाशिकहून बडोद्याला बदली. मुलगी तेरा वर्षांची, शांत, उभी राहिली की हलायची नाही. क्लबच्या जुन्या, लहान दस्त्याच्या रायफलवर ती चार महिन्यांत छान मारायला लागली. वडिलांनी विचारलं, 'सर, हिला स्वतःची घेऊन देऊ का? एक जर्मन रायफल सेकंडहँड मिळतेय.' त्यांनी एफडी मोडायची ठरवली होती. मी रायफल पाहिली. नळी उत्तम, ट्रिगर लोण्यासारखा. मी म्हटलं, 'घ्या. आयुष्यभर पुरेल.'

रायफल मोठ्या माणसाची होती. दस्ता सगळ्यात आखूड केला तरी तिला लांबच पडायचा, आणि पुढचा भार जास्त. तो सांभाळायला ती कंबरेतून मागे झुकायची. पाठ दुखते म्हणाली, तर मी म्हटलं, 'सवय होईल.' गुण खाली आले. तिला वाटलं, आपल्यालाच जमत नाही. घरच्यांनी एवढे पैसे घातले आणि आपण असे, हे ओझं वेगळंच. सात महिन्यांनी ती यायची थांबली. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मागच्या दिवाळीत ती भेटायला आली. आता नोकरी करते. सहज म्हणून क्लबची तीच जुनी लहान रायफल उचलली, दोन-चार छर्रे मारले आणि म्हणाली, 'सर, ही तर इथेच होती. मग मला तेव्हा हीच का नाही चालू ठेवायला सांगितलीत?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा मंडळी, माप आधी, मार्का नंतर. नियमानं 10 मीटरची रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मान न वाकवता डोळा थेट मागच्या छिद्रासमोर आला पाहिजे. गालपट्टी आणि खांद्याची पट्टी वर-खाली, मागे-पुढे सरकते का पाहा. वाढत्या वयाच्या मुलासाठी ही सोय नळीइतकीच महत्त्वाची. आणि आपला नेमाचा डोळा कोणता ते आधी तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानशी फट ठेवा, त्यातून दूरची खिडकी पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खिडकी दिसत राहते तो तुमचा. डावा असेल तर डावरी रायफलही मिळते.

चौथी गोष्ट, ट्रिगर. दोन टप्प्यांचा हवा. पहिला टप्पा मोकळा, मग बोटाला एक स्पष्ट अडसर, आणि तिथून पुढे न खरखरता सुटायला हवा. छर्रा न भरता सरावासाठी ट्रिगर चालवायची सोय असेल तर फारच उत्तम. घरी भिंतीसमोर रोज वीस मिनिटं तसा सराव करा, छर्रे वाचतात आणि हात घडतो.

पाचवी, छर्रे. चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा डब्यावर लिहिलेला असतो. तुमच्या नळीला कुठला मानवतो ते मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. रायफल टेकवून प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे मारा, ज्याची भोकं एकमेकांत मिसळतात तो डबा तुमचा. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून एवढी चिकित्सा. आणि छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी आता कान देऊन ऐका. पीसीपीच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. आत 200 बार दाब असतो, काहींत 300. मोटारीच्या टायरमध्ये असतो दोन-अडीच. सिलिंडरला ठरावीक आयुष्य असतं. तारीख उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि घरात तर नकोच नको. नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करा. भरताना तेल, ग्रीस जवळ आणू नका. दाबाखालच्या हवेत तेल पेटू शकतं.

आणि शेवटचं, पण खरं तर पहिलं. परवाना लागत नाही म्हणजे खेळणं नाही. एअर रायफलनं डोळा जातो. नळी नेहमी टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, काम झालं की नळीत सुरक्षा-दोरी. घरी पेटीला कुलूप, छर्रे वेगळ्या कपाटात. आणि पक्ष्यांवर रोखायची नाही, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. अरुणाचल प्रदेशात 2021 साली लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम सुरू करावी लागली, ती पक्ष्यांपायीच. आपल्या खेळाचं नाव त्या यादीत नको.

मग घ्यायची कधी? आधी जवळची रेंज शोधा. पुण्यात बालेवाडी आहे, दिल्लीत डॉ. कर्णी सिंग रेंज आहे, भोपाळला राज्याची अकादमी आहे, शिवाय शहरोशहरी लहान क्लब आहेत. सहा महिने तिथल्या रायफलवर मारा. चार वेगवेगळ्या रायफली खांद्याला लावून पाहा. शिकवणाऱ्याला विचारा, आणि तो माझ्यासारखा घाईनं 'घ्या' म्हणाला, तर त्याला विचारा, 'सर, मापाचं काय?'

सहा महिन्यांनंतरही पहाटे उठून जावंसं वाटत असेल, तर खुशाल घ्या. तोवर क्लबच्या जुन्या रायफलीला नावं ठेवू नका.

पुढच्या भागात उभं राहण्याबद्दल बोलू, म्हणजे पाय, कंबर आणि श्वास. प्रश्न पाठवत राहा.