गोळी, झापड आणि सुकाणू

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. एवढं जुनं इस्पितळ गावात असूनही, की असल्यामुळेच, नैराश्याची गोळी इथे लपवून घेतली जाते. रक्तदाबाची गोळी माणूस चारचौघांत घेतो. ही मात्र उशाखाली. भांडणात 'ह्याला मनोरुग्णालयात पाठवा' असं सहज म्हणणाऱ्या गावात दुसरं काय होणार? पण मांडवीत काय, मिरकरवाड्यात काय, ज्यांची पोटं होडीवर नि रिक्षावर चालतात, त्यांना हे लपवणं महागात पडू शकतं.

यातल्या काही औषधांनी झापड येते. विशेषतः पहिल्या आठवड्यांत आणि डोस वाढवल्यावर. अॅमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन ही औषधं मेंदूतल्या हिस्टामिनचं काम अडवतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी यायची ती याच वाटेनं. अॅमिट्रिप्टिलिननं झटकन उठताना भोवंडही येते. ती अर्धशिशीवर, नसांच्या दुखण्यावरही देतात, तेव्हा नैराश्य नसलेल्यांनीही हे ऐकावं. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधं या बाबतीत बरीच सौम्य. पण आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, आणि क्लोनाझेपाम सावधपणा नि हातापायांचा मेळ दोन्ही ढिले करतं. पाकिटावरची बारीक अक्षरं दुकानदाराकडून वाचून घ्यावीत. वर दारू घेतली, तर विचारूच नका.

थोडीशी झापड म्हणजे किती? ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला की साडेपाच मीटर गेले. उतारावर पोर आडवं आलं तर? होडीवर विंच फिरत असताना दोरातून हात मागे घ्यायला तर तेवढाही वेळ नसतो. आणि मंदावलेल्या माणसाला आपण मंदावलोय हे कळेलच, असं नाही.

मग गोळी सोडावी? मुळीच नाही. नैराश्य स्वतःच लक्ष उडवतं, झोप मोडतं, हालचाल जड करतं. कवितेतली उदासी वेगळी, हा आजार वेगळा. गोळी एकदम थांबवली तर भोवळ येते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात, आजारही परततो. डॉक्टर वेळ बदलतात, डोस कमी करतात, औषधच बदलतात. मात्र आपल्या हाती स्टेअरिंग असतं की सुकाणू, हे त्यांना सांगायला हवं.

आमच्याकडे रमजानमध्ये आणखी एक गोष्ट घडते. रात्रीची गोळी माणूस परस्पर सहेरीला घेऊ लागतो. आधीच झोप तुटलेली, त्यात पहाटे घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी रिक्षा चालवताना उतरते. महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्याव्यात.

तांडेलांना एक विनंती. खलाशी असं काही सांगायला आला, तर त्याला घरी बसवू नका. थोडे दिवस विंचवरून काढून जाळी शिवायला बसवा, आणि त्याची हजेरी कापू नका. हजेरी कापली जाणार असेल तर पुढचा कुणी सांगायला येणारच नाही, आणि सुकाणूवर कोण पेंगतंय हे तुम्हाला कळणार नाही.

ज्याला गावात विचारायचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी २०२२ सालापासून सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं.