जाळ्याची खरी किंमत : किनारी डॉल्फिन आणि मासेमारीचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षेच्या तयारीत डॉल्फिनची आणि आपली भेट बहुधा एखाद्या वस्तुनिष्ठ प्रश्नापुरती होते. गंगेतील डॉल्फिन २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित झाला, ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली आणि त्यात नदीबरोबरच समुद्रातील डॉल्फिनचाही समावेश आहे, एवढे आपण पाठ करतो. ही माहिती आवश्यकच आहे. परंतु प्रशासनात गेल्यावर तुमच्यासमोर येणारा प्रश्न वेगळा असेल. किनाऱ्यालगत राहणारा डॉल्फिन आणि त्याच पाण्यावर पोट असलेला मच्छीमार, या दोघांचे हित एकाच वेळी कसे साधावे, हा तो प्रश्न होय. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून मी त्याची मांडणी अशी करतो : डॉल्फिन वाचविण्याचा खर्च नेमका कोणी सोसायचा?

धोका मच्छीमाराचा की पद्धतीचा?

आपल्या किनाऱ्यांवरील दोन जातींचा येथे विचार करू. ओडिशातील चिलिका सरोवरात इरावदी डॉल्फिन आढळतो. कोकण, गोवा आणि पश्चिम किनाऱ्याच्या इतर भागांत पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन दिसतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) या दोन्ही जाती २०१७ मध्ये ‘संकटग्रस्त’ वर्गात घातल्या. दोन्हींना उथळ पाणी मानवते. खाड्यांची मुखे आणि किनाऱ्याजवळचा पट्टा हेच त्यांचे घर आहे आणि लहान मच्छीमाराचे कार्यक्षेत्रही नेमके तेच आहे.

डॉल्फिन हा मासा नव्हे, तो सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर यावेच लागते. गिलनेट जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते व माशाचे डोके आसात शिरले की त्याचे कल्ले अडकतात. नायलॉनच्या बारीक धाग्याचे हे जाळे डॉल्फिनला आपल्या ध्वनिलहरींनीही सहज ओळखता येत नाही. तो एकदा गुरफटला की गुदमरून मरतो. मच्छीमाराला तो नको असतो. त्याला बाजार नाही आणि जाळे फाटते ते वेगळेच. म्हणजे हा मृत्यू कोणाच्याही लाभासाठी घडत नाही, तो पद्धतीचा उपपरिणाम आहे.

येथे म्यानमारमधील उदाहरण बोलके आहे. ज्या इरावदी नदीवरून या डॉल्फिनला नाव मिळाले, तेथे काही मच्छीमार हाताने फेकायचे जाळे वापरतात आणि डॉल्फिन त्यांच्या दिशेने मासे हाकून आणतात. त्याच नदीत गिलनेट आणि विजेचा धक्का देऊन केलेली मासेमारी याच प्राण्याच्या जिवावर उठली आहे. नदी तीच, मासेही तेच. फरक केवळ पद्धतीचा आहे.

थोडेसे अंकगणित

चिलिकातील अलीकडच्या गणनांमध्ये डॉल्फिनची संख्या साधारणतः दीडशेच्या आसपास आढळली आहे. डॉल्फिनच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षांचे अंतर असते. त्यामुळे अनुकूल परिस्थितीतही ही संख्या वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी वाढते असे धरले, तर दीडशेमागे वाढ होते तीन ते साडेचार प्राण्यांची. वर्षभरात चार-पाच डॉल्फिन जाळ्यात मेले, तर ही वाढ पुसली जाते. त्याहून अधिक मेले, तर उतरण सुरू होते. हजारो टन मासळीच्या व्यवहारात चार-पाच मृत्यू नगण्य वाटतात, पण जातीच्या भवितव्याच्या हिशेबात तेच निर्णायक ठरतात.

किमतीत न दिसणारा खर्च

अर्थशास्त्रात ज्याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात, त्याचे हे ठळक उदाहरण आहे. बाजारातील मासळीच्या दरात डिझेल, बर्फ, मजुरी आणि जाळे यांचा खर्च धरलेला असतो. मेलेल्या डॉल्फिनचा खर्च त्यात नसतो. घातक पद्धत स्वस्त भासते, कारण तिच्या खर्चाचा एक भाग समाजाच्या खात्यावर परस्पर टाकलेला असतो. म्हणून सरसकट बंदी घाला, असा उपाय सुचविला जातो. पण मग संपूर्ण खर्च एकट्या मच्छीमाराच्या माथी येतो आणि लाभ मात्र आपणा सर्वांना मिळतो. हाही अन्यायच होय. शिवाय असा अन्याय टिकत नाही.

मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातात हे घडले आहे. तेथील वाकिटा हा डॉल्फिनचा जवळचा आप्त. १९९७ च्या पाहणीत त्यांची संख्या साडेपाचशेहून थोडी अधिक होती. आज ती जेमतेम दहाच्या आसपास उरली आहे. शासनाने २०१५ मध्ये गिलनेटवर दोन वर्षांची बंदी घातली, नुकसानभरपाई दिली आणि २०१७ मध्ये बंदी कायम केली. पण भरपाईचा मोठा हिस्सा परवानाधारकांकडे गेला. होडीवर राबणाऱ्या खलाशांच्या हाती फार थोडे पडले. दुसरीकडे तोतोआबा या माशाच्या वाताशयाला चोरट्या बाजारात प्रचंड भाव मिळत राहिला. कागदावर बंदी राहिली आणि पाण्यात जाळी राहिली. भरपाई किती दिली याइतकेच ती कोणाला दिली हेही महत्त्वाचे असते, हा यातला धडा आहे.

चिलिकाचा अनुभव

आपल्या देशात चिलिकाचा अनुभव अधिक आशादायक आहे. १९८१ मध्ये रामसर यादीत आलेले हे सरोवर गाळामुळे समुद्रापासून तुटत गेले, पाण्याची क्षारता घटली, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी रोडावली. १९९३ मध्ये त्याची नोंद माँत्रो नोंदवहीत, म्हणजे धोक्यातील पाणथळींच्या यादीत झाली. चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले. क्षारता सुधारली, मासळीचे उत्पादन कैक पटींनी वाढले आणि २००२ मध्ये सरोवर त्या यादीतून बाहेर पडले. ज्या उपायाने सुमारे दोन लाख मच्छीमारांचे जीवन सावरले, त्यानेच डॉल्फिनचे घरही सावरले.

मात्र प्रश्न पूर्ण सुटला नाही. कोळंबीसाठी जाळ्यांचे कुंपण घालून पाणी अडविण्याच्या ‘घेरी’ पद्धतीने सरोवराचे मोठे भाग व्यापले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच चिलिकाच्या परिसरातील कोळंबी संवर्धनावर निर्बंध घातले होते; तरीही घेरी हटविण्याच्या मोहिमा पुढे अनेक वर्षे घ्याव्या लागल्या. या घेरींनी डॉल्फिनचा वावर रोखला, तसा पारंपरिक मच्छीमारांचा मार्गही रोखला होता. घातक पद्धतीचा पहिला बळी पुष्कळदा गरीब मच्छीमारच असतो, हे येथे स्पष्ट होते.

महाराष्ट्राची योजना आणि तिची मर्यादा

महाराष्ट्राने २०१८ च्या अखेरीस एक उल्लेखनीय पाऊल उचलले. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. छायाचित्र वा चित्रफीत हा त्याचा पुरावा. खर्च समाजाने वाटून घ्यावा, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले.

पण ही योजना सर्व प्राण्यांना सारखी उपयोगी पडत नाही. व्हेल शार्क कल्ल्यांनी श्वास घेतो. तो जाळ्यात बराच काळ तग धरू शकतो. डॉल्फिनला तेवढा अवधी मिळत नाही. कित्येक तास पाण्यात असलेले जाळे ओढले जाते तेव्हा सोडण्यासारखे काही उरलेले नसते. दुसरी अडचण भीतीची आहे. डॉल्फिन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या शिकारीस किमान तीन वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. अपघात आणि शिकार यांत फरक असला, तरी चौकशीच्या धास्तीने मृत प्राणी गुपचूप समुद्रात सोडून देण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. त्याबरोबर नोंदही बुडते आणि नोंद नसेल तर धोरण अंधारात चाचपडते. एकाच पाण्यात जिवंत प्राणी सोडल्यास २५ हजारांपर्यंत भरपाई आणि मृत प्राणी दाखविल्यास दंडाची भीती, असे दोन संदेश आपण एकाच माणसाला देत आहोत.

मग करावे काय?

पहिले, बंदी ठिकाणापुरती आणि काळापुरती नेमकी असावी. डॉल्फिनचा नित्य वावर असलेल्या पट्ट्यांत गिलनेट थांबवावे; संपूर्ण किनारा बंद करण्याची आवश्यकता नाही. दुसरे, त्या पट्ट्यांतील मच्छीमारांना पर्यायी साधनांसाठी आधी अर्थसाहाय्य द्यावे आणि त्यातील वाटा खलाशांपर्यंत थेट पोहोचवावा. ध्वनी करून डॉल्फिनला सावध करणारी उपकरणे जाळ्यास लावता येतात, परंतु त्यांनी प्राणी आपल्या अधिवासातूनच हुसकला जाण्याचा धोका असल्याने ती जपून वापरावीत. तिसरे, अपघाती मृत्यूची प्रामाणिक नोंद करणाऱ्यास संरक्षण असावे.

या खर्चाला व्यापारी बाजूही आहे. कासवे वाचविणाऱ्या साधनांच्या अभावी अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातून समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबविली. सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचे अमेरिकी निकष न पाळणाऱ्या मासेमारीवरील आयातबंदी १ जानेवारी २०२६ पासून अमलात आली आहे. आज आपण जो खर्च टाळू, तो उद्या परदेशी ग्राहक आपल्याकडून वसूल करील आणि त्या वेळी अटी त्याच्या असतील.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या किनारी जिल्ह्यांत अधिकारी म्हणून जातील. तेव्हा जाळे बंद करण्याच्या आदेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एवढेच पाहावे की त्या होडीवरील शेवटच्या खलाशाच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटणार आहे. त्याचे उत्तर आदेशातच असेल, तर डॉल्फिनचा पहिला राखणदार तोच खलाशी होईल.