रंगाच्या थरात सूर्याचा शोध



चुंबकाभोवती लोहकीस पसरला की त्याच्या वक्र रांगा तयार होतात. चुंबकीय क्षेत्राची पहिली ओळख बहुतेकांना शाळेच्या प्रयोगशाळेत अशीच होते. सूर्यावरही चुंबकीय क्षेत्रे आहेत. मात्र तेथे विद्युतभारित कणांचा तप्त प्लाझ्मा त्या क्षेत्रांच्या धाकात वावरतो. दुर्बिणीतून तो न्याहाळता येतो, पण त्यावर प्रयोग करता येत नाही. म्हणून सूर्यावरील परिस्थितीचा काही अंश पृथ्वीवर उभा करावा लागतो.

सूर्याचा दृश्य पृष्ठभाग आणि त्याचे अतितप्त प्रभामंडल यांच्यामधील भागात प्लाझ्माचे बारीक फवारे सतत उसळतात. त्यांना स्पिक्यूल म्हणतात. कोणत्याही क्षणी असे सुमारे ३० लाख फवारे सूर्यावर असतात. इतके फवारे एकाच वेळी कसे निर्माण होतात, या प्रश्नाला बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनाने उत्तर सुचवले. ते २०२२ मध्ये ‘नेचर फिजिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या संशोधनात ध्वनिवर्धकाच्या कंपनांवर रंगासारखे पॉलिमरयुक्त द्रव नाचवले गेले. साध्या पाण्याची उडालेली धार लवकर थेंबांत तुटते. पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या मात्र ताणल्या जातात आणि धार टिकवून धरतात. प्लाझ्मात चुंबकीय क्षेत्ररेषा असेच काम करतात. दोन्हीकडे माध्यमाला एक दिशा मिळते आणि खालून ठरावीक लयीत धक्के बसले की फवाऱ्यांचे रान उगवते. महासंगणकावर घडवलेल्या सौर प्लाझ्माच्या प्रतिरूपानेही हीच यंत्रणा दाखवली.

अर्थात, रंगात चुंबकीय क्षेत्र नसते. खरा चुंबकित प्लाझ्मा हवा असेल, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे पाहावे लागते. तेथे लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदाने घन पदार्थाच्या पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून कोट्यवधी पट तीव्र क्षेत्र क्षणमात्र उमटते. त्या क्षेत्रातील खळबळ अवकाशातील खळबळीशी मिळतीजुळती असल्याचे तेथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. मेजावर मावणाऱ्या या प्रयोगात आकार आणि काळ सूर्याचे नसतात. विविध बलांची परस्परांशी असलेली प्रमाणे जुळली, तरच तुलना ग्राह्य ठरते.

या अभ्यासाची गरज व्यावहारिकही आहे. सौर वादळे उपग्रह आणि वीजजाळी विस्कळीत करू शकतात. त्यामुळेच भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. प्रभामंडल पाहणारे त्यावरील प्रमुख उपकरण बंगळुरूच्या त्याच संस्थेने घडवले. यान जे पाहते, त्यामागचे कारण शोधण्यास प्रयोगशाळा साहाय्य करते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने पालकांनी यातून एक गोष्ट घरी न्यावी. मूल एखाद्या वस्तूचे दुसरीशी साम्य दाखवते, तेव्हा त्याचे कौतुक करावे आणि लगेच विचारावे, ‘ही वस्तू त्या वस्तूसारखी कुठे नाही?’ विज्ञानाचा खरा अभ्यास या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो.