लोकपालावर सगळे एक झाले होते. मग पुढं काय झालं?

मोठा कायदा करताना हे पक्ष खरंच एकत्र येतात का, की नुसता देखावा असतो? हा प्रश्न मला बरेचदा विचारतात. मी पारनेर तालुक्यातला. उत्तर शोधायला मला दिल्लीला जायची गरज नाही, राळेगणसिद्धीपर्यंत गेलं तरी भागतं.

१८ डिसेंबर २०१३. यादवबाबा मंदिराच्या आवारात अण्णा हजारेंच्या उपोषणाचा नववा दिवस. आदल्या दिवशी राज्यसभेनं लोकपाल विधेयक मंजूर केलेलं, त्या दिवशी लोकसभेनंही केलं. समाजवादी पक्षानं सभात्याग केला, शिवसेनेनं विरोध केला. पण काँग्रेस आणि भाजप चक्क एका बाजूला! मीही त्या गर्दीत होतो. संध्याकाळी घरी येऊन वडिलांना म्हटलं, "आप्पा, सगळे एक झाले." आप्पा गोठ्यात धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मंजूर करायला झाले रे. लोकपाल खुर्चीत बसला की सांग."

मला राग आला होता. आज वाटतं, आप्पा निम्मे बरोबर होते.

निम्मे का, ते आधी सांगतो. लोकपालाचं पहिलं विधेयक १९६८ चं. डिसेंबर २०११ मध्ये ते लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत मध्यरात्री गोंधळात अडकलं; एका सदस्यानं तर विधेयकाची प्रतच फाडली. मग मे २०१२ मध्ये ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं. तिथं वेगवेगळ्या पक्षांचे खासदार सहा महिने कलमं घेऊन बसले. राज्यांच्या लोकायुक्तांचा वाद होता, तो त्यांनी सोडवला: केंद्रानं लादायचं नाही, राज्यांनी वर्षभरात आपापला कायदा करायचा. मी याला खरं सहकार्य म्हणतो. तिथं कॅमेरे नव्हते, म्हणून आपल्याला ते आठवत नाही.

पण समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१२ ला आला आणि पुढं वर्षभर पडून राहिला. हलला कधी? ८ डिसेंबर २०१३ ला दिल्लीसह चार राज्यांचे निकाल लागले, भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातून निघालेल्या नव्या पक्षानं दिल्लीत २८ जागा घेतल्या आणि दोन दिवसांनी अण्णा उपोषणाला बसले. 'नाही' म्हणणं महाग झालं, तेव्हा एकी झाली.

आता पुढचं ऐका. १६ जानेवारी २०१४ ला कायदा लागू झाला. लोकपाल निवडणाऱ्या समितीत लोकसभेचा विरोधी पक्षनेता हवा. निवडणुकीनंतर काँग्रेसच्या ४४ जागा आल्या, पद मिळालं नाही आणि निवड अडली. हीच अडचण सीबीआय संचालकाच्या निवडीत आली, तेव्हा त्याच वर्षी कायदा बदलून सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला समितीत घेतलं. लोकपालासाठी ते जमलं नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, विरोधी पक्षनेता नसला तरी नेमणूक करता येते. तरीही नाही. सरकारनं नंतर काँग्रेसच्या गटनेत्यांना 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावलं, त्यांनी मताचा अधिकार नाही म्हणून जायला नकार दिला.

आणि मधल्या काळात याच कायद्यावर एकदा झटपट एकी झाली, बरं का! कलम ४४ प्रमाणे लोकसेवकांनी स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्या मुलांची मालमत्ता जाहीर करायची होती. ३१ जुलै २०१६ ची मुदत जवळ आली. २७ जुलैला लोकसभेनं, २८ ला राज्यसभेनं ते कलम सैल करून टाकलं. दोन दिवसांत!

जानेवारी २०१९ च्या अखेरीस अण्णा राळेगणात पुन्हा बसले. मार्चमध्ये न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष पहिले लोकपाल झाले. मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. सव्वापाच वर्षं लागली ना?"

म्हणून मंडळी, कायदा एकमतानं मंजूर झाला असं ऐकलं की मी आता तीन गोष्टी बघतो. अंमल करणारा माणूस कोण नेमणार? कुठल्या तारखेपर्यंत? आणि नाही नेमला तर काय? ग्रामसभेत ठरावाला हात वर करताना आपणही हेच विचारायला हवं. पाणीपुरवठ्याच्या ठरावाला आमच्या गावातही सगळेच हात वर करतात, पाइपलाइनचं काम कुणी बघायचं म्हटलं की निम्मे चहाला जातात.

तुमच्या गावात असं काय अडलंय, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.