किल्ली कोणाकडे?



गौतमपुऱ्याच्या या सभेच्या पत्रिकेत विषय छापलाय तो क्लाउडवरच्या कुलूपबंद बॅकअपची स्क्रिप्ट लावण्याचा. ती मी दाखवणारच आहे. पण माझा आग्रह आधी सांगून टाकतो. स्क्रिप्ट लिहिणं सोपं आहे. बॅकअपची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दुसऱ्या माणसाच्या हाती सोपवणं अवघड आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

बॅकअप कशाला, हे इंदूरच्या मुलखात सांगायला नको. आपला राजवाडा 1801, 1908 आणि 1984 असा तीनदा आगीत सापडला. माळव्यातल्या मराठी घरांत अजून होळकरशाहीतले मोडी कागद निघतात, त्यांचे स्कॅन लॅपटॉपवर असतात. शेजारीच दुकानाचा हिशेब. एक प्रत गावाबाहेर हवी, ती परक्याच्या यंत्रावर जाणार म्हणून कुलूप हवं. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पुढे जातो.

पडद्यावर बघा. साधन रेस्टिक, फुकट मिळतं. पहिली ओळ क्लाउडवरच्या कोठाराचा पत्ता सांगते, दुसरी पासवर्डची फाइल कुठे आहे ते. ती फाइल मालकाखेरीज कोणाला वाचता येता कामा नये. तिसरी ओळ बॅकअप घेते. मजकूर इथेच, आपल्या यंत्रावर कुलूपबंद होतो आणि मगच बाहेर पडतो. रोज फक्त बदललेले तुकडे जातात. चौथी ओळ जुन्या प्रती छाटते: रोजच्या 7, आठवड्याच्या 4, महिन्याच्या 12 ठेवायच्या. वेळ रात्री दोनची लावलीत आणि लॅपटॉप मिटलेला असला, तर ठरल्या वेळी काम चालवणारा क्रॉन ती पाळी गुपचूप सोडून देतो. म्हणून सिस्टमडीचा टायमर लावा आणि त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवा. यंत्र जागं झालं की चुकलेली पाळी तो भरून काढतो.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या भाषेत प्रती आणि कुलपांचं हे काम सातशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा जमवल्या. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. प्रत एकच होती! पण हिराइसेसारख्यांना ती मुखोद्गत होती, म्हणून लीळाचरित्र पुन्हा उभं राहिलं. बॅकअप माणसांत होता. नंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षराच्या जागी ठरवलेलं दुसरं अक्षर. पोथ्या पंजाबपर्यंत पोचल्या आणि लिपीची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. बाहेरच्या मराठी जगाला मात्र हे वाङ्मय शतकानुशतकं बंद होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि भावे या संशोधकांच्या खटपटीने ते उघडलं...

हो, विषयावरच आहे मी. समोरच्या तरुण मित्रांची चुळबुळ दिसते, पण माझं सगळं म्हणणं या पोथ्यांतच आहे. ठरीव अदलाबदलीची लिपी चिकाटीचा माणूस उलगडू शकतो. रेस्टिकचं 256 बिटांचं कुलूप कोणी राजवाडे आला तरी उघडणार नाही. किल्ली गेली की बॅकअपमधले मोडी कागदही गेले. क्लाउडचं यंत्र कंपनीचं असलं, तरी पासवर्ड कंपनीकडे नसतो. तिच्याकडे दाद मागून काही मिळत नाही. घरचा कर्ता अचानक गेला, तर पुढे महिनोन्‌महिने भाडं भरून घरचे लोक न उघडणारी पेटी सांभाळत बसणार.

(सभागृहातून : “एक किल्ली तुर्ऱ्याकडे द्या, एक कलगीकडे!” हशा.)

वा! खरंच द्या. एक गौतमपुऱ्याच्या तुर्रावाल्यांकडे, एक शेजारच्या रुणजीच्या कलगीवाल्यांकडे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांनी एकमेकांवर पेटते हिंगोट फेका, एरवी किल्ल्या सांभाळा. रेस्टिकमध्ये तशी सोय आहे: एकाच कोठाराला ‘की अॅड’ म्हणून दुसरा, वेगळा पासवर्ड जोडता येतो. तो कागदावर लिहा, सोबत कोठाराचा पत्ता आणि क्लाउडच्या खात्याची माहिती लिहा, पाकीट बंद करा आणि दुसऱ्या घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्या. माणूस बदलला की ती किल्ली काढून नवी जोडायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट धावती सांगतो. 31 जानेवारी 2017 रोजी तिथे चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. रोजचा बॅकअप बघायला गेले तर कोठार रिकामं. बॅकअपचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, रोज अपयशी ठरत होता आणि तसं कळवणारी ईमेल वाटेतच नाकारली जात होती. हाताने घेतलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत होती, तिने वाचवलं. नावाजलेल्या कंपनीची ही गत, तर आपण महिन्यातून एकदा तरी एक फाइल परत काढून उघडून बघायलाच हवी. आणि ती पाकीटवाल्यानेच काढावी, तुम्ही शेजारी गप्प बसून.

लॅपटॉप आणलेल्यांनी सभा संपल्यावर डाव्या टेबलाशी थांबा. जोडीला दुसऱ्या घरचं एक माणूस घेऊन या, दोघांच्या दोन किल्ल्या आजच जोडू.