यंत्रावरचे वर्तुळ खडबडीत का येते?

(ट्रस्टच्या महोत्सवी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा ही रीत आहे, आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी तो यथायोग्य केला आहे. चिटणीसांनी आमच्याकडे निराळेच काम सोपविले. ट्रस्टच्या बिनव्याजी कर्जातून डिचोलीच्या एका तरुणाने लाकूड कापण्याचे लहानसे सी.एन.सी. यंत्र, म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणारे यंत्र, घेतले होते. ते गोल कापीत नाही अशी त्याची तक्रार होती, आणि तिप्पट किमतीच्या दुसऱ्या यंत्रासाठी त्याने नवा अर्ज केला होता. त्याच रकमेवर यंदा दोन मुलींच्या नर्सिंगच्या फीचे अर्जही येऊन थांबले होते. तेव्हा पेडण्याच्या शाळेत गणित शिकविणाऱ्या मास्तरांनी एकदा जाऊन पाहावे आणि जे दिसेल ते येथे सांगावे, असे ठरले.

या तरुणाच्या वडिलांचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा काय झाले, हे डिचोलीकरांना सांगण्याची गरज नाही. ट्रक गेला, मुलगा आय.टी.आय. शिकून या लहान यंत्राकडे वळला. घरांच्या नावाच्या पाट्या तो सुरेख कापतो. परंतु खेळण्यांच्या गाड्यांची चाके आणि पेल्याखाली ठेवायच्या चकत्या कापू लागला की कड खडबडीत येई, चाक डुगडुगे. विकणाऱ्याने सांगितले, “स्वस्त यंत्र आहे, एवढेच व्हायचे.” हे उत्तर देणे फार सोपे असते.

सरळ रेघ चांगली येते आणि गोल बिघडतो, यातच निम्मे निदान आहे. सावंतवाडी पेडण्याहून दूर नाही. १७८८ पर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होता, आणि तिकडची रंगीत लाकडी खेळणी आपल्या घरांत नवी नाहीत. ती करणारा कातारी लाकूडच गरागरा फिरवितो आणि हत्यार स्थिर धरतो. लाकूड फिरते म्हणून गोलाई आपोआप मिळते. सी.एन.सी. यंत्रात लाकूड पाटावर आवळलेले असते. कटर स्वतःभोवती फिरतो खरा, पण त्याला पुढे नेणारे गाडे दोनच, आणि तेही सरळ चालणारे : एक डावे-उजवे, दुसरा पुढे-मागे. या दोन सरळ चालींची सांगड घालून वर्तुळ रचावे लागते. एकाची चाल साइनप्रमाणे, दुसऱ्याची कोसाइनप्रमाणे. याचा उपयोग काय, असे दहावीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. (अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९५२ साली असे पहिले यंत्र लोकांना दाखविले गेले; तेव्हा आकडे छिद्रे पाडलेल्या फितीवरून जात. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी वक्र आकार अचूक हवे होते, ही त्यामागची मूळ गरज. म्हणजे वक्र रेषेची अडचण या यंत्राच्या जन्मापासूनची आहे.)

आता वर्तुळाला घड्याळाची तबकडी समजा. कटर तीनच्या ठिकाणी आला की डावा-उजवा गाडा उजवीकडे जाण्याचे संपवून डावीकडे वळतो. नऊच्या ठिकाणी तो पुन्हा उलटतो. बारा आणि सहाच्या ठिकाणी दुसऱ्या गाड्याची पाळी. सरळ रेघेत कोणीही मध्येच उलटत नाही. ट्रक चालविलेली माणसे या सभेत पुष्कळ आहेत. जुन्या ट्रकचे स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे घेताना पहिली चार बोटे ते रिकामेच फिरते, तसेच येथे होते. मोटर उलटी फिरू लागते, पण नट आणि आट्यांची दांडी यांत ढिलाई असेल तर गाडा क्षणभर जागीच राहतो. मेस्त्री लोक या ढिलाईला ‘प्ले’ म्हणतात. त्या क्षणापुरती कड चपटी होते आणि पुढे बारीकशी पायरी पडते. म्हणून चकती हातात घेतल्यावर प्रथम पाहायचे ते एवढेच की खोड घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर आहे.

आम्ही कटर काढून त्या जागी बॉलपेन बांधले आणि कागदावर वर्तुळ काढविले. पेनाला लाकडाचा विरोध नसतो. पेनाचे वर्तुळ शुद्ध आले तर दोष कापण्यात, म्हणजे कटर, वेग किंवा लाकूड यांत. तेही बिघडले तर दोष यंत्रात किंवा आकड्यांत. येथे तीन आणि नऊच्या ठिकाणी कागदावरही चपटेपणा स्पष्ट होता.

मग व्हर्नियर घेऊन ४० मिलिमीटर आणि १२० मिलिमीटर व्यासाची दोन वर्तुळे मोजली. दोन्हींत आडवा व्यास साधारण ०.३ मिलिमीटरने कमी भरला. ही मोजणी नव्या मुलांनी अवश्य लक्षात ठेवावी. एका मिलिमीटरला मोटरने किती पावले टाकायची हा संगणकातील आकडाच चुकला असता, तर तिप्पट मोठ्या वर्तुळात चूकही तिप्पट झाली असती. दोन्हीकडे ती तेवढीच राहिली, अर्थात ती ढिलाई होती.   

झाकण उघडल्यावर मोटर आणि दांडी जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू सुटलेला सापडला, आणि नटही झिजला होता. स्क्रू आवळला, नटाच्या जागी स्प्रिंगने दोन्ही बाजूंनी दाब धरणारा नट बसविला. काही यंत्रांत ढिलाईच्या भरपाईचा आकडा घालण्याची सोय असते, पण तिच्यावर आमचा भरवसा नाही. कापताना लाकडाच्या ओढीने गाडा त्या मोकळ्या जागेत इकडेतिकडे हलतोच, आणि कड खडबडीतच राहते.

एवढ्यावर काम संपले नाही. नंतर फणसाच्या फळीतून कापलेल्या चाकाची चारही ठिकाणे गुळगुळीत आली, परंतु समोरासमोरचे दोन चतुर्थांश भाग केसाळ निघाले. तरुण पुन्हा नटाला हात घालणार, तोच आम्ही त्याला थांबविले आणि फळीच काटकोनात फिरवून दुसरे चाक कापावयास सांगितले. खोड यंत्राची असती तर त्याच आकड्यांवर राहिली असती. ती फळीबरोबर फिरली. वर्तुळ कापताना कटर कधी रेषांबरोबर जातो, कधी आडवा, आणि दोन भागांत रेषांच्या उलट. तेथे तंतू कापले न जाता उपटले जातात. यावर यंत्र बदलून उपयोग नाही. कटर धारदार हवा, एका फेरीची खोली कमी हवी, आणि कडेला ०.३ मिलिमीटर माल राखून शेवटची एक हलकी फेरी घ्यावी. दिशाही महत्त्वाची. कटर वरून पाहता घड्याळाप्रमाणे फिरतो. अशा वेळी हलक्या यंत्रावर चाकाची बाहेरची कड घड्याळाच्या उलट दिशेने कापावी, आणि आसाचे भोक मोठे करताना घड्याळाप्रमाणे, म्हणजे कटर आपोआप पुढे ओढला जात नाही. शेवटची हलकी फेरी मात्र उलट दिशेने घेऊन पाहावी. पुष्कळदा ती अधिक स्वच्छ येते.

ओल्या लाकडाबद्दलही आम्ही त्याला बजावले. आपल्याकडे पावसात फळी पाणी धरते. रेषांच्या लांबीत लाकूड जवळजवळ आटत नाही, आडवे मात्र आटते. त्यामुळे श्रावणात गोल कापलेले चाक माघात अंडाकृती भरते, आणि बोल यंत्राला लागतो.

राहिल्या चकत्या. त्यांच्या कडेला सगळीकडे सारख्याच अंतरावर पैलू पडत होते. ढिलाईचे पैलू चारच जागी असतात, हे सर्वत्र होते. म्हणून आम्ही यंत्र सोडून संगणकातील फाईल पाहिली. नक्षीच्या प्रोग्रॅमने वर्तुळाचे ३६ सरळ तुकडे करून दिले होते. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात असा तुकडा सुमारे ८.७ मिलिमीटर लांब होतो आणि मध्यभागी खऱ्या कमानीपासून ०.१९ मिलिमीटर आत राहतो. बोटाला ते सहज कळते. ३६० तुकडे केले तर हाच फरक ०.००२ मिलिमीटरच्या आत येतो. त्याहून बरे म्हणजे कमानीसाठीच असलेली जी-२ आणि जी-३ ही आज्ञा वापरावी; हजारो इवलेसे तुकडे पाठविले तर लहान यंत्राचा मेंदू अडखळतो आणि गाडा धक्के खात चालतो.

सगळी तपासणी दोन रविवारांत झाली, आणि खर्च एक नट व एक नवा कटर एवढाच आला. ढिलाई अगदीच गेली असे नाही. व्हर्नियरला ती अजून जाणवते, पण खेळण्याच्या चाकाला चालते. फणसाच्या दोन बाजूंवर थोडा पॉलिशपेपर लागतोच. नव्या यंत्राचा अर्ज तरुणाने मागे घेतला आहे, आणि फीचे दोन्ही अर्ज गेल्या बैठकीत मंजूर झाले. त्याने आता दुसरा अर्ज दिला आहे, ढिलाई मोजण्याच्या डायल गेजसाठी. आमची शिफारस आम्ही त्यावर लिहून दिली असून तो समितीपुढे आहे.