वर्गणी पैशाची आणि वर्गणी कामाची

गावोगावच्या गटांतल्या ताई-मावश्यांनो, आज आपण एका फार मोठ्या गटाविषयी बोलणार आहोत. आपल्या गटात दहा ते वीस जणी असतात. या गटात चार हजारांहून जास्त माणसं आहेत, तीही ५०हून जास्त देशांतली. गटाचं नाव सीएमएस. हा शास्त्रज्ञांचा गट आहे आणि त्यांचं काम चालतं युरोपात, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळच्या 'सर्न' नावाच्या प्रयोगशाळेत.

तिथलं विज्ञान थोडक्यात सांगते. जमिनीखाली साधारण १०० मीटर खोल, २७ किलोमीटर लांबीचा गोल बोगदा आहे. अणूच्या पोटातले प्रोटॉन नावाचे कण त्यात प्रचंड वेगाने पळवतात आणि समोरासमोर आदळवतात. आदळल्यावर काय काय बाहेर पडतं ते टिपायला मोठमोठी यंत्रं बसवली आहेत. सीएमएस गटाचं यंत्र २१ मीटर लांब, १५ मीटर उंच आणि १४ हजार टन वजनाचं आहे. या गटाने आणि ॲटलास नावाच्या दुसऱ्या गटाने ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज नावाचा कण सापडल्याचं जाहीर केलं. तेव्हा ॲटलासच्या प्रमुख एक बाई होत्या, फाबिओला जानोत्ती. पुढे २०१६ साली त्या सर्नच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

पण आज आपला विषय कणांचा नाही, हिशेबाचा आहे. एवढी माणसं, एवढे देश. पैसा कोण भरतं? काम कोण करतं? आणि त्या कामाची नोंद कुठे होते?

आधी पैसा. बोगदा आणि कण पळवणारं यंत्र सर्नच्या मालकीचं. त्याचा खर्च सभासद देश वर्गणीतून करतात. १९५४ साली १२ देशांनी मिळून ही प्रयोगशाळा सुरू केली, आज त्या दुपटीच्या घरात आहेत. ज्या देशाचं उत्पन्न जास्त, त्याची वर्गणी जास्त. जर्मनी एकटा साधारण पाचवा हिस्सा भरतो. मात्र मत प्रत्येक सभासद देशाला एकच. जास्त भरतो म्हणून जास्त मतं, असं तिथे नाही. आपला भारत जानेवारी २०१७पासून सहयोगी सभासद आहे. वर्गणी कमी, मत नाही, पण तिथल्या कामांच्या निविदा आपल्या कंपन्यांना भरता येतात आणि आपल्या मुलामुलींना तिथल्या नोकरीसाठी अर्ज करता येतो.

कण टिपणारी यंत्रं मात्र त्या त्या गटाची. ती बांधताना सगळ्यांकडून नुसती रोख रक्कम गोळा केली नाही. कुणी वस्तू बनवून आणली, कुणी रोख भरली, बहुतेकांनी थोडं थोडं दोन्ही केलं. सीएमएसच्या चुंबकाबाहेर कणांची ऊर्जा मोजणारा एक थर आहे, त्याच्या कामात मुंबईच्या कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. बोगद्यातली मुख्य चुंबकं १,२३२ आहेत. एकेक १५ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचं. ती ज्या जॅकवर अचूक तोलून ठेवली आहेत, ते जॅक भारतातून गेले.

कोण काय देणार हे सगळं करारात लिहिलेलं असतं. गंमत अशी, की त्या करारावर कोर्टात जाता येत नाही. कायद्याने तो बंधनकारक नाही, असं करारातच म्हटलेलं आहे. तो चालतो शब्दावर आणि हिशेब उघडा ठेवल्यावर. पैसे देणाऱ्या सगळ्या सरकारांचे प्रतिनिधी वर्षातून दोनदा बसतात. त्याआधी वेगळी तपासणी समिती खर्चाचा कागद न् कागद बघते.

आता पुढचा प्रश्न. विहीर खणून झाली म्हणजे खर्च संपत नाही. मोटर लागते, वीज लागते, पाइप फुटतो. यंत्राचंही तसंच. मग दरवर्षीचा सामाईक देखभालखर्च कसा वाटायचा? ज्या संस्थेचे जितके डॉक्टरेट झालेले शास्त्रज्ञ गटाच्या यादीत, तितका तिचा वाटा. शिकणारी मुलं त्यात धरत नाहीत. का, तर जास्त मुलांना शिकवणाऱ्या संस्थेला जास्त पैसे भरायला लागू नयेत.

इथवर पैशाचं झालं. आता खरी मेख ऐका.

सीएमएसचं यंत्र बांधायला सुमारे ५० कोटी स्विस फ्रँक लागले असं सांगतात. पण या आकड्यात शास्त्रज्ञांचा पगार नाही. वस्तूंची किंमत धरली, राबणाऱ्या माणसांच्या वर्षांची धरली नाही. पगार ज्याच्या त्याच्या संस्थेने आपापल्या देशात द्यायचा. म्हणजे गटाच्या प्रमुखाच्या हाताखाली हजारो माणसं, पण त्यांचा पगार त्याच्या हातात नाही. तो कुणाला कामावरून काढू शकत नाही. त्याच्या हुद्द्याचं नावच 'प्रवक्ता' असं आहे, आणि मुदत दोन वर्षांची.

मग काम कसं होतं? नवा कण शोधायला सगळेच पुढे येतात. पण यंत्र चालू असतं तेव्हा चोवीस तास कुणीतरी समोर बसून लक्ष ठेवावं लागतं. पहाटे तीन वाजता पडद्यावरचे आकडे बघत कोण बसणार? बिघडलेली तार कोण शोधणार? आलेली माहिती नीट आहे की नाही, हे रोज कोण तपासणार? त्या कामाचं कुणी कौतुक करत नाही, पण ते थांबलं तर सगळं थांबतं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. घर झाडलेलं दिसत नाही, न झाडलेलं मात्र लगेच दिसतं.

म्हणून त्यांनी दुसरी वर्गणी ठेवली, कामाची. प्रत्येक संस्थेने आपल्या माणसांच्या संख्येप्रमाणे वर्षाला ठराविक महिन्यांचं सामाईक काम द्यायचं. पाळीवर बसणं, दुरुस्ती, तपासणी, सगळं त्यात मोजलं जातं. रात्रीच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या पाळीची किंमत जास्त धरतात. काही पाळ्या आपल्या देशात बसूनही करता येतात. कुणाचं किती काम झालं आणि किती बाकी आहे, हे गटात सगळ्यांना दिसतं. नवीन माणसाने आधी काही महिने असं काम करायचं, मगच त्याचं नाव शोधनिबंधावर येतं. एकदा नाव आलं की ते सगळ्यांच्या बरोबरीने. २०१५ साली सीएमएस आणि ॲटलासने मिळून छापलेल्या एका निबंधावर ५,१५४ नावं होती. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची. क्रम लहानमोठ्याचा नाही, अक्षरांचा.

सगळं गोड आहे असं नाही. सीएमएसचा पहिला प्रस्ताव १९९२चा, आणि यंत्र अजून बरीच वर्षं चालवायचं आहे. शिकणारी मुलगी चार-पाच वर्षं राहते, काम हाताला येतं आणि ती निघून जाते. म्हणून पुढच्या माणसाला शिकवणं हेही कामातच धरावं लागतं. शिवाय अडचण सांगून येत नाही. १९ सप्टेंबर २००८ रोजी बोगद्यातला एक विजेचा जोड निकामी झाला, ५३ चुंबकं बाहेर काढावी लागली आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. युक्रेनच्या युद्धामुळे सर्नने रशियाबरोबरचं सहकार्य ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपवलं. रशियाच्या माणसांनी उचललेली कामं उरलेल्यांवर आली.

आणि नियोजन कोलमडलं तर काय होतं, तेही ऐका. अमेरिकेत टेक्सास राज्यात याहून तिप्पट मोठा, ८७ किलोमीटरचा बोगदा ठरला होता. भार जवळजवळ एकट्या अमेरिकेवर. दुसरे देश हातभार लावतील ही आशा होती, तो फारसा आला नाही. खर्चाचा अंदाज वाढत वाढत दुपटीच्याही वर गेला. ऑक्टोबर १९९३मध्ये तिथल्या संसदेने काम बंद केलं. तोवर सुमारे २०० कोटी डॉलर आणि २२ किलोमीटरहून जास्त खोदकाम झालं होतं. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

सर्नचाही अंदाज चुकला होता. २००१ साली खर्च बराच वाढल्याचं उघड झालं. पण तिथे देशांच्या वर्गण्या बांधलेल्या होत्या. बाकीची कामं आवरली, ३० कोटी युरोचं कर्ज काढलं आणि यंत्र पुरं केलं. दोन्हीकडे माणसं हुशारच होती. टेक्सासचं काम बंद पडायला इतरही कारणं होती, पण भार किती जणांनी उचललाय, याने मोठा फरक पडला हे नक्की.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या वहीत पैशाचा हिशेब चोख असतो. बचत, कर्ज, व्याज, दंड. पण दर महिन्याला बँकेत कोण जातं? वही कोण लिहितं? आजारी बाईच्या घरी हप्ता आणायला कोण जातं? पापडाची ऑर्डर आली की रात्री उशिरापर्यंत कोण थांबतं? बहुतेक गटांत त्या दोन-तीनच जणी असतात, आणि त्यांच्या वेळेला वहीत रकाना नसतो. एक दिवस त्या थकतात, गट बंद पडतो, आणि बाकीच्या म्हणतात, कसं काय झालं कुणास ठाऊक.

तेव्हा येत्या बैठकीत एक ठराव मांडून बघा. वहीत कामाचा एक रकाना वाढवायचा. कुणी कोणतं काम किती तास केलं ते लिहायचं, आणि बैठकीत मोठ्याने वाचायचं. लांबच्या फेरीला, रात्रीच्या कामाला थोडं जास्त धरायचं. जिचं काम मागे राहिलं असेल तिला दंड नको, पुढची पाळी द्यायची. आणि वही लिहायला दर वर्षी आणखी एकीला शिकवायचं. शिकवणारीचे तासही त्याच रकान्यात लिहायचे.

तीन महिने करून बघा आणि काय फरक पडला ते आम्हाला कळवा.